दुखापत आणि दैव



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, शेती, समाजकारण असे विषय शोभून दिसतात. त्या मालिकेत गुडघे, घोटे आणि नडग्या यांच्याविषयी बोलण्यास आम्ही उभे राहिलो, याचे कित्येकांना नवल वाटले असेल. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्हीही क्षणभर घुटमळलो. परंतु दुसऱ्याच दिवशी पहाटे फिरावयास निघालो असता रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली दिसली. कोणाच्या पायात झिजलेले बूट, कोणाच्या पायात कॅनव्हासचे जोडे, एकदोघे तर अनवाणी. त्यांतला एक मुलगा लंगडत होता आणि तरीही धावत होता. आमचा विषय तेथेच ठरला.

ही मुले शर्यतीचा छंद म्हणून धावत नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलिसांची नाही तर सैन्याची भरती असते. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी परीक्षा असते. कोरडवाहू शेतीच्या आपल्या या मुलखात, जेथे एका हंगामात सोयाबीनने दगा दिला की घरातले वर्षाचे गणित कोसळते, तेथे त्या ५० गुणांवर एका कुटुंबाचे भवितव्य टांगलेले असते. म्हणून नडगीचे हाड हा केवळ डॉक्टरांचा विषय नाही. तो आपल्या घराघरांतला विषय आहे.

प्रारंभीच एक कबुली देणे आमचे कर्तव्य आहे. आम्ही पुष्कळ वर्षे एका शाळेत कवायत आणि खेळ शिकवण्याचे काम केले. आमच्या हाताखालून खो-खोचे अनेक चांगले खेळाडू गेले. त्यांत एक मुलगा असा होता की, तो खांब घेऊ लागला की बघणाऱ्यांचे डोळे ठरत नसत. शाळा सुटल्यावर त्याने भरतीची तयारी सुरू केली आणि धावण्याचा सल्ला घेण्यासाठी तो आमच्याकडे येऊ लागला. तारीख जवळ आली, तसे आम्ही त्याचे धावणे एकदम दुप्पट केले. सकाळी डांबरी रस्त्यावर, संध्याकाळी पुन्हा डांबरी रस्त्यावर. दोन-तीन आठवड्यांनी तो म्हणाला, "सर, नडगीत एका जागी दुखते." आम्ही त्याला ठरावीक उत्तर दिले, "दुखते म्हणजे अंग बनते आहे. थांबलास तर संपलास." पोरगा आज्ञाधारक. त्याने गरम तेल चोळले, फडके बांधले आणि तो धावत राहिला. भरतीच्या दिवशी तिसऱ्या फेरीत वळणावर तो पडला, तो उठलाच नाही. नडगीचे हाड मोडले होते.

हाड जुळले, वय मात्र थांबले नाही. भरतीची वयोमर्यादा उलटून गेली. आज तो शेती करतो, संसार नीट चालवतो, भेटला की वाकून नमस्कार करतो. कित्येक वर्षांनी एकदा तो सहज म्हणाला, "सर, तुम्ही थांब म्हणाले असते, तर मी थांबलो असतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य आम्हाला आजवर बोचत आहे. त्या वेळी गावात सर्वांनी म्हटले, "बिचाऱ्याचे दैव!" आम्हीही म्हटले. दैवाकडे बोट दाखवले की शिकवणारा मोकळा होतो. आजच्या व्याख्यानात आम्हाला सांगावयाचे आहे ते एवढेच, की त्या मोडलेल्या हाडात दैवाचा वाटा फार थोडा होता. मोठा वाटा आमच्या अज्ञानाचा होता.

आता कोणी म्हणेल, दुखापत टाळण्याचे हे शास्त्र परदेशातून आलेले नवे खूळ आहे. आमच्या आजोबांनी कुठे असले काही केले होते? श्रोतेहो, त्यांनी केले होते. जुन्या आखाड्यात पहिलवान कुस्तीपूर्वी प्रथम काय करी? फावडे घेऊन हौद्यातली माती उकरी. त्या मातीत तेल, ताक, हळद मिसळलेली असे. या उकरण्याने दोन कामे साधत. माती मऊ होऊन पडणाऱ्याची पाठ वाचे आणि उकरणाऱ्याचे खांदे, कंबर, मांड्या आपोआप गरम होत. मग जोर, बैठका, आणि त्यानंतर जोडीशी लढत. वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी कधीही मोठ्या गड्यावर घालत नसे. आणखी मागे जाऊ. व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीने करावा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे आणि अतिव्यायामाचे दोष चरकसंहितेतही वर्णिले आहेत. तात्पर्य, मर्यादा आणि पूर्वतयारी या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेत होत्या. आखाडे ओस पडले, आम्ही डांबरी रस्त्यावर आलो, आणि घाईत ते शहाणपण मागे राहिले.

आपल्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी, मल्लखांब अशा देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. वऱ्हाडच्या मातीतली माणसे जगाला व्यायाम दाखवून आली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु अभिमानाबरोबर जबाबदारीही येते. खेळ शिकवणाऱ्याने खेळाडूचे शरीर सांभाळणेही शिकले पाहिजे.

खाशाबा जाधवांचे नाव येथे कोणाला ठाऊक नाही? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. तांबड्या मातीत वाढलेल्या त्या गड्याला तेथे मॅटवर लढावे लागले. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. दमछाक करणारी एक लढत संपते न संपते, तोच त्यांना पुढच्या कुस्तीसाठी बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता. पण ती मागण्यासाठी त्यांच्या बाजूने तेथे कोणी अधिकारी हजर नव्हता. ती कुस्ती ते हरले. नंतर गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ च्या ऑलिंपिकची त्यांची वाट अडवली. या हकीकतीचा मथितार्थ आम्ही असा घेतो: खेळाडू स्वतः विश्रांती मागत नाही, त्याचा स्वभावच तसा नसतो. ती त्याच्या वतीने मागणारा कोणीतरी मैदानाच्या कडेला उभा असावा लागतो.

आणि हे जुनेच घडते असेही नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे, शेतकऱ्याचा मुलगा, सैन्यातला जवान, २०२३ च्या आशियाई खेळांत ३००० मीटर स्टीपलचेसचा सुवर्णपदकविजेता. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. सर्व साधने हाताशी असूनही दुखापत होऊ शकते. दुखापती शून्यावर आणण्याचे वचन कोणतेच शास्त्र देत नाही. त्या कमी मात्र करता येतात, आणि किती कमी करता येतात हे मोजता येते.

हे मोजणे कसे चालते, ते आता पाहू. १९९२ साली नेदरलँड्समधील व्हान मेखेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार पायऱ्यांची एक सोपी पद्धत मांडली. पहिली पायरी, दुखापती किती आणि कोणत्या होतात ते लिहून काढावे. दुसरी, त्या का होतात ते शोधावे. तिसरी, उपाय सुरू करावा. चौथी, पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन आकडे खरोखर उतरले की नाही ते पाहावे. शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. कीड किती पडली, कशाने पडली, फवारणी कोणती केली आणि त्यानंतर कीड हटली का, हा विचार तो दरसाल करतोच.

या पद्धतीने झालेले तीन प्रयोग आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रयोग नॉर्वेमधला. तेथे हँडबॉल फार खेळतात. धावता धावता एकदम थांबणे, वळणे, उडी मारून एका पायावर उतरणे, हे सारे त्यात आले. म्हणजे शरीरावर पडणारा ताण पुष्कळसा आपल्या कबड्डी-खोखोसारखाच. तेथील संशोधकांनी १२० क्लबांतील १५ ते १७ वर्षांचे १८३७ खेळाडू निवडले. क्लबांचे दोन गट केले. एका गटाने सरावापूर्वी पंधरा-वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम करावयाचा: हळू धावणे, वळण्याचे आणि उडीनंतर नीट उतरण्याचे शिक्षण, तोल सांभाळणे, मांड्यांना बळ देणे. दुसऱ्या गटाने नेहमीसारखे खेळावयाचे. हंगाम संपल्यावर मोजले, तेव्हा गुडघ्याच्या आणि घोट्याच्या तीव्र दुखापती नेहमीच्या गटात ८१ आणि व्यायाम करणाऱ्या गटात ४८ भरल्या. दोन्ही गटांतली खेळाडूंची संख्या आणि खेळाचे तास यांचा हिशोब घालता प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. हे २००५ साली प्रसिद्ध झाले.

दुसरा प्रयोग डेन्मार्कमधला, २०११ साली प्रसिद्ध झालेला. फुटबॉल खेळणाऱ्यांचा मांडीच्या मागचा स्नायू वेगाने धावताना वारंवार फाटतो. आपल्याकडेही १०० मीटर धावणाऱ्याचा तोच स्नायू घात करतो. ९४२ खेळाडूंपैकी सुमारे निम्म्यांना दहा आठवडे एकच व्यायाम दिला. गुडघ्यांवर उभे राहावयाचे, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरावयाचे, आणि कंबर सरळ ठेवून संथपणे पुढे झुकत जमिनीपर्यंत यावयाचे. यास साधन कोणते? जोडीदाराचे दोन हात. पुढच्या वर्षभरात हा व्यायाम न करणाऱ्यांत अशा ५२ दुखापती झाल्या, करणाऱ्यांत १५.

तिसरा प्रयोग ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातला, आणि तो आमच्यासारख्या जुन्या शिक्षकांचे कान उपटणारा आहे. आम्ही जन्मभर मुलांना रांगेत उभे करून, वाकवून, पाय ताणून धरावयास लावले आणि त्यालाच दुखापतीपासूनचे संरक्षण मानले. तेथे १५३८ नव्या जवानांचे दोन गट करून एका गटाला प्रशिक्षणापूर्वी असे ताण घ्यावयास लावले, दुसऱ्याला नाही. ताण घेणाऱ्या ७३५ जणांत पायाच्या १५८ दुखापती, न घेणाऱ्या ८०३ जणांत १७५. हिशोब केला तर दोन्हीकडे शंभरी बावीसच्या आसपास. म्हणजे उभ्या उभ्या नुसते ताण घेतल्याने फरक पडला नाही. फरक कशाने पडला? जे जवान येतानाच दमाने कमी तयार होते, त्यांना दुखापती फार अधिक झाल्या. २००० सालचा हा निष्कर्ष भरतीच्या उमेदवारांनी गाठीस बांधून ठेवण्यासारखा आहे. तयारी महिनाभर आधी एकदम न करता वर्षभर आधी हळूहळू केली पाहिजे.

एकदम केलेली तयारी का घात करते? हाड म्हणजे लाकडाची काठी नव्हे. ते जिवंत आहे, आणि त्याची दुरुस्ती सतत चालू असते. नवा भार पडला की शरीर प्रथम जुने, थकलेले हाड काढून टाकते आणि मग तेथे नवे भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याचे काम महिनेन्‌महिने चालते. आपल्याकडे उन्हाळ्यात घरावरची कवेलू फेरतात. जुनी उतरवून ठेवली आणि नवी बसवण्याआधीच पाऊस कोसळला, तर घराची काय दशा होईल? नेमके तेच नडगीचे होते. धावणे एकाएकी वाढवल्यानंतरचे काही आठवडे हाड तात्पुरते दुबळे असते, आणि आम्ही शिक्षक त्याच वेळी सांगत असतो, "आणखी दोन फेऱ्या मार." हाडाला बारीक चीर पडते, आणि तरीही धावत राहिल्यास ती चीर मोठी होऊन हाड मोडते. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइथाउप्ट या डॉक्टरने १८५५ सालीच सतत कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायांचे असे दुखणे नोंदवून ठेवले होते. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या पायात काय चालले होते, हे जगाला दीडशे वर्षे ठाऊक होते; ठाऊक नव्हते ते आम्हाला.

हे दुखणे ओळखण्याची एक साधी खूण सांगतो. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर जागेत पसरलेले दुखणे असेल, तर ते बहुधा स्नायू आणि हाडावरचे आवरण यांच्या ताणाचे. धावणे कमी करून ते सावरता येते. परंतु "कुठे दुखते?" असे विचारता मुलाने एका बोटाने एकच जागा दाखवली, तेथे दाबल्यावर तो कळवळला, आणि रात्री अंथरुणातही ठणका लागत असेल, तर धावणे त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरणाच्या फोटोत अशी चीर पुष्कळदा दिसत नाही. फोटो स्वच्छ आला म्हणजे हाड स्वच्छ आहे, असे समजून पुन्हा धावू नये.

मग करावे काय? खेळापूर्वीची पंधरा मिनिटे मागतो, अधिक नाही. पहिली पाच मिनिटे हळू धावणे, मागे धावणे, बाजूने पावले टाकणे, गुडघे वर उचलणे. पुढली सात-आठ मिनिटे बळ आणि तोल: दहा-पंधरा बैठका, पुढे पाऊल टाकून अर्धे बसणे, कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरणे, मघाशी सांगितलेला जोडीदाराचा व्यायाम, आणि एका पायावर उभे राहून जोडीदाराकडे चेंडू फेकणे. शेवटची दोन-तीन मिनिटे उडी मारून हलके उतरणे आणि वेगाने धावून वळणे. उतरताना आवाज होऊ नये, गुडघा वाकलेला असावा आणि तो आत न कलता पायाच्या बोटांच्या रेषेत राहावा. "मांजरासारखे उतरा," एवढे सांगितले की मुले बरोबर समजतात. फुटबॉलसाठी फिफाने प्रसृत केलेला जो सरावक्रम आज अनेक देशांत वापरतात, त्याची घडण साधारण अशीच आहे. मात्र हा क्रम आठवड्यातून दोन-तीनदा तरी झाला पाहिजे. पाहुणे आले तेव्हाच सतरंजी अंथरावी, तसा तो केवळ स्पर्धेच्या दिवशी करून भागत नाही.

धावण्याचे अंतर थोडे थोडे वाढवावे. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विसावा घ्यावा. डांबरी रस्त्यावर रोज धावण्यापेक्षा शक्य तेथे मातीची वाट धरावी. माती म्हटली की आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव आठवलाच पाहिजे. ती उन्हाळ्यात दगडासारखी टणक होते आणि तिला भेगा पडतात. पावसाळ्यात चिकटून पाय सोडत नाही. टणक जमीन हाडाला मारते, भेग घोटा मुरगळते, चिखल पाय धरून ठेवतो आणि गुडघा पिळतो. म्हणून मैदानावर मुरूम पसरणे, भेगा बुजवणे, पाणी मारणे, खडे आणि काचा वेचणे ही शिपायाची कामे म्हणून टाकून देऊ नयेत. आखाड्यात जसे पहिलवान स्वतः माती उकरी, तसे खेळाडूंनी रोज दहा मिनिटे मैदानावर फिरावे.

ऊन हा आपला दुसरा शेजारी. वऱ्हाडचे ऊन काय असते, ते आपणांस सांगणे नको. शरीराला उन्हाची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. सावलीत सराव केलेल्या मुलाने एकदम दुपारच्या उन्हात पूर्ण ताकदीने धावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. २०२४ साली झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत १० किलोमीटर धावण्याच्या परीक्षेदरम्यान दहाहून अधिक तरुण प्राणास मुकले. धावणारा अडखळू लागला, बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर प्रथम त्याला सावलीत घेऊन सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा, त्याच वेळी १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते.

भगिनींना आणि मुलींच्या आईवडिलांना दोन शब्द स्वतंत्रपणे सांगावयाचे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या महिला व पुरुष अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे होती. आपल्या गावच्या मुलीही त्या वाटेने जाऊ शकतात. परंतु वळण्या-उडण्याच्या खेळांत गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा अधिक असतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणून मघाचा पंधरा मिनिटांचा क्रम त्यांच्यासाठी दुप्पट महत्त्वाचा. दुसरे म्हणजे रक्त. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना पंडुरोग आढळला. रक्त कमी असलेली मुलगी लवकर दमते, आणि दमलेले पाऊल वाकडे पडते. सरावाच्या वाढत्या श्रमाबरोबर ताटातले अन्न वाढले नाही, तर मुलीची पाळी थांबू शकते आणि हाडेही ठिसूळ होऊ लागतात. पाळी थांबली तर लाजून गप्प बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. भाकरी, डाळ, भाजी, गूळ, शेंगदाणे, दूध, ज्यांना चालते त्यांना अंडे, एवढे जरी पोटभर मिळाले तरी पुष्कळ काम होते.

आता दुखापत झालीच तर? आपल्याकडे घोटा मुरगळला की लगोलग गरम तेलाने रगडतात आणि शेक देतात. पहिले दोन-तीन दिवस हे करू नये. त्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. खेळ थांबवावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा, ठणका कमी होण्यासाठी फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरावा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर दाबून फार दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड तपासून घ्यावे. साधी मुरगळ असेल, तर दोन-तीन दिवसांनी हळूहळू हालचाल सुरू करावी. महिनाभर खाटेवर पडून राहणेही बरे नव्हे. आणि डोक्याला मार लागून खेळाडू गांगरला, ओकला किंवा त्याला काही आठवेनासे झाले, तर त्या दिवशी त्याला मैदानावर परत पाठवू नये; तो कितीही आग्रह करो, सामना अंतिम का असेना.

परत केव्हा यावे, हा प्रश्न सर्वांत कठीण. कॅलेंडर पाहून परतू नये, पाय पाहून परतावे. दुखरा पाय चांगल्या पायाच्या बरोबरीने एका पायावर उड्या मारू शकतो का, पूर्ण वेगाने धावून वळू शकतो का, हे पाहावे. जमत नसेल, तर बाहेर बसावे. बाहेर बसलेल्या मुलाला "घाबरला" म्हणून हिणवणारे आपणच असतो. ती जीभ आवरणे हासुद्धा दुखापत टाळण्याचा उपाय आहे.

शेवटी एक मागणी करून आपली रजा घेतो. मोठ्या शहरांत यंत्रे आहेत, तज्ज्ञ आहेत. कामरगावात ते कधी येतील, त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. नॉर्वेच्या त्या प्रयोगाच्या मुळाशी यंत्र नव्हते, नोंद होती. प्रत्येक शाळेने, प्रत्येक मंडळाने, भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या प्रत्येक टोळीने एक वही घालावी. कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, काय करताना जायबंदी झाला आणि किती दिवसांनी परतला, एवढेच त्यात लिहावे. वर्षअखेर ती उघडली, की मैदानाचा कोणता कोपरा घातक आहे, कोणत्या महिन्यात नडग्या दुखतात, कोणाचे धावणे फार वेगाने वाढवले गेले, ते आपोआप दिसू लागेल. मग उपाय करावा आणि पुढल्या वर्षी पुन्हा मोजावे.

अशी एक वही आम्ही आज बरोबर आणली आहे. पहिल्या पानावर आम्ही एकच नोंद केली आहे: नाव न लिहिता, नडगीचे हाड, डांबरी रस्ता, दुप्पट केलेले धावणे, आणि कारणाच्या रकान्यात, "शिक्षकाने थांब म्हटले नाही." ही वही आम्ही व्याख्यानमालेच्या चालकांच्या स्वाधीन करीत आहोत. पुढच्या पानांवर आमच्यासारख्यांच्या नोंदी थोड्या व्हाव्यात आणि उद्या पहाटे रस्त्याने लंगडत धावणारा मुलगा आपल्यापैकी ज्याला दिसेल, त्याने त्याला हाक मारून थांबवावे, एवढीच विनंती.